अवधानाचं दान : गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२



काल आपण तपाचे तीन प्रकार संपवले. आज दान. तीन श्लोक आहेत आणि वरवर पाहिलं तर सोपे आहेत. द्यायला हवं म्हणून दिलेलं, परतफेड करू न शकणाऱ्याला दिलेलं, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं दान सात्त्विक. काहीतरी परत मिळावं म्हणून किंवा जिवावर येऊन दिलेलं राजस. आणि भलत्या जागी, भलत्या वेळी, अपात्र माणसाला, आदर न ठेवता, हिडीसफिडीस करत दिलेलं तामस. देश, काळ आणि पात्र हे तीन शब्द लक्षात ठेवा, आज त्यांच्यावरच बोलणार आहे.

या श्लोकांवर बोलताना साधारणपणे पैसा, धान्य, कपडे, फार तर रक्तदान असे दाखले येतात. पण गेलं सव्वा वर्ष आमच्या घरात ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त टंचाई आहे ती पैसा नव्हे, लक्ष आहे. अवधान. आणि अवधान ही देण्याची वस्तू आहे हे काही मी ओढूनताणून म्हणत नाही. माउली नवव्या अध्यायाच्या सुरुवातीला श्रोत्यांकडे मागतात ते अवधानच. गंमत अशी की गीतेत दान घेणारा पात्र असावा लागतो, आणि माउली म्हणतात की अवधान देणाराच सगळ्या सुखांना पात्र होतो. हा फरक मला वर्षभर पुरला आहे, आणि अजून संपलेला नाही.

आधी देश आणि काळ. २५ मार्च २०२०, गुढीपाडवा. त्या दिवसापासून टाळेबंदी लागली. त्याआधी माझं लक्ष कुठे असावं हे मी ठरवत नव्हतो, कंपनीची बस ठरवत होती. सकाळी आठला बसमध्ये पाय ठेवला की मी हिंजवडीचा, संध्याकाळी सोसायटीच्या गेटमधून आत आलो की घरचा. आपण याला स्वतःची शिस्त समजत होतो, पण ती बरीचशी रस्त्याची शिस्त होती. देश बदलला की काळ बदलायचा, आणि काळ बदलला की समोरचं पात्र आपोआप बदलायचं. टाळेबंदीनं देश काढून घेतला. राहिली दोन खोल्या, हॉल आणि स्वयंपाकघर, आणि सगळे धर्म एकाच जागी. मी बेडरूममध्ये, कपाटाला टेकवलेल्या टेबलावर. बायको शिक्षिका, ती स्वयंपाकघरात, कारण तिथेच भिंत पांढरी आहे आणि मागे कुणी फिरत नाही. लेक हॉलमध्ये, राउटरजवळ. आई देवघराच्या खोलीत. पहिल्या महिन्यात दूरदर्शनवर सकाळी नऊला रामायण पुन्हा सुरू झालं होतं, तेव्हा तेही हॉलमध्येच. दहाला माझी स्टँडअप मीटिंग, दहालाच बायकोचा चौथीचा वर्ग, आणि पुढे शाळा सुरू झाल्यावर दहालाच लेकीचा पहिलीचा. जून २०२१ मध्ये ती दुसरीत गेली आणि तेव्हाही शाळा स्क्रीनवरच उघडली. तिनं पहिलीचा वर्ग आतून पाहिलेलाच नाही.

२०२० साली माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका आषाढ शुद्ध दशमीला, ३० जूनला, एसटीने पंढरपूरला गेल्या. तेव्हा आईनं विचारलं होतं, "रस्ताच नाही तर वारी कसली रे?" मी तेव्हा पटकन म्हणालो होतो की भाव महत्त्वाचा. पण आज या श्लोकापाशी थांबल्यावर वाटतं की आईचा प्रश्न माझ्या उत्तरापेक्षा खोल आहे. गीता म्हणत नाही की भाव असला की झालं. ती जागा आणि वेळ यांची नावं घेते. म्हणजे या गोष्टी किरकोळ नाहीत. त्या हरवल्या तर काहीतरी खरंच हरवतं, आणि मग उरलेल्या तिसऱ्या शब्दावर, पात्रावर, सगळा भार येतो.

आता पहिला आक्षेप. तुमच्यापैकी कुणीतरी विचारणारच : नऊ ते सहा माझं लक्ष माझं आहेच कुठे? ते तर पगाराला विकलंय. विकलेल्या वस्तूचं दान कसं करणार? मीटिंग चालू असताना लेकीच्या वहीत डोकावणं म्हणजे चोरीच की, अस्तेयाचा भंग.

हा आक्षेप मी हलका मानत नाही. पगार घेऊन काम न करणं आणि त्याला वात्सल्याचं नाव देणं हे मला मुळीच मान्य नाही. पण कंपनीनं नेमकं काय घेतलंय? तिनं काम घेतलंय आणि ठरलेल्या वेळी मी हाताशी असणं घेतलंय. माझ्या कानावर दुसरा आवाजच पडू नये, हे ना तिनं घेतलंय ना मी विकलंय. ऑफिसातसुद्धा आपण चहाला जायचो, शेजारच्याच्या बहिणीच्या लग्नाचं ऐकायचो. शिवाय मीटिंगच्या त्या चौकोनांत 'कंपनी' कुठेच दिसत नाही. दिसतात माणसं, आणि तीही पात्रंच आहेत.

एप्रिल २०२१ची गोष्ट, दुसरी लाट ऐन भरात होती. आमच्या टीममधला एकजण सकाळी स्टँडअपला आला, काल काय केलं, आज काय करणार ते सांगितलं आणि म्हणाला, ब्लॉकर काही नाही. आमची टेस्टर, टीममधली सगळ्यात लहान मुलगी, तिनं त्याला वेगळा मेसेज केला : आवाज असा का येतोय? त्याचे वडील घरात खुर्चीवर बसून होते, ऑक्सिजन उतरत चाललेला, आणि तो रात्रभर बेडसाठी फोन लावत होता. पुढच्या दहा मिनिटांत त्याच्याकडचे नंबर आम्ही आठ जणांनी वाटून घेतले. दुसऱ्या रात्री बेड मिळाला, तीन आठवड्यांनी काका घरी आले. सगळ्यांच्या घरी असं झालं नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. मला सांगायचंय ते एवढंच : त्या दिवशी नऊ जणांनी 'ब्लॉकर काही नाही' हे शब्द ऐकले आणि एकीनं माणूस ऐकला. तिचं लक्ष त्या वेळी कामात होतं की कामाबाहेर? ही विभागणीच तिथे चालत नाही.

राजस दानाचा दाखला मात्र मला घरबसल्या रोज मिळतो. बायको सांगते, मुलाला प्रश्न विचारला की स्क्रीनच्या कडेनं एक हात आत येतो आणि वहीत बोट ठेवतो. कधी हात नसतो, नुसती कुजबूज असते, आणि मुलगा उत्तर देण्याआधी कॅमेऱ्याच्या वर कुठेतरी बघतो. एकदा सात नव्वे किती विचारल्यावर आजोबांचा खणखणीत आवाज आला, "त्रेसष्ट!" आणि सगळा वर्ग हसला. हे आईबाप काही दुष्ट नाहीत. ऑफिस सांभाळून ते मुलाशेजारी बसलेत, म्हणजे लक्ष देतायत. पण फळावर डोळा ठेवून देतायत. मूल हे गीतेच्या भाषेत अनुपकारी आहे, उलट काही देऊ न शकणारं. त्याच्याकडून आपण त्याच दिवशी, त्याच तासाला, बाईंसमोर परतफेड मागतो. आणि 'परिक्लिष्ट', म्हणजे जिवावर येऊन दिलेलं, हा शब्द तर सकाळी साडेनऊच्या घराघरांतल्या आवाजावरून कळावा : "बस ना नीट, किती वेळा सांगू, माझा कॉल आहे!"

जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारनं 'प्रज्ञाता' नावाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. पहिली ते आठवीच्या मुलांना दिवसात तीस ते पंचेचाळीस मिनिटांची दोनच सत्रं, त्याहून जास्त नको. मुलाच्या अवधानाला माप आहे हे सरकारलाही मान्य आहे. आपल्या अवधानाला माप असतं हे मात्र आपण मोठी माणसं कबूल करत नाही.

आता तामस. इथे मी बरेच दिवस अडलो होतो. सोपं उत्तर असं की डोळे लॅपटॉपवर ठेवून मुलाला "हं, हं" करणं म्हणजे तामस दान, तेव्हा एका वेळी एकच गोष्ट पूर्ण लक्ष देऊन करा. सगळी सेल्फ-हेल्प पुस्तकं हेच सांगतात. इंजिनियर म्हणून मलाही हे आवडतं. प्रोसेसरचा एक कोअर खरं तर दोन कामं एकदम करत नाही, तो झपाट्यानं आलटून पालटून करतो, आणि प्रत्येक अदलाबदलीला किंमत मोजतो.

पण मग माझ्या आईचं काय? तिनं आयुष्यात एका वेळी एक काम केल्याचं मला आठवत नाही. दूध गॅसवर, कान दुधाकडे, हात कणकेत, डोळे माझ्या शुद्धलेखनावर, आणि ओठांवर हरिपाठ. हे अवधान तामस होतं असं म्हणायची कुणाची हिंमत आहे? जनाबाईंचं जातं आणि नाम तर एकत्रच चालायचं, आणि आपली परंपरा त्याला उणं मानत नाही, कौतुक करते. म्हणजे विभागलेलं लक्ष हा दोष नव्हे. पुन्हा श्लोक पाहिला. बाविसाव्यात 'अर्धं' असा शब्दच नाही. तिथे दोन शब्द आहेत, असत्कृत आणि अवज्ञात. सत्कार न करता, आणि तुच्छ लेखून. आईनं अर्धा कान दिला तरी त्या अर्ध्या कानात मी कमी महत्त्वाचा नव्हतो. दूध उतू जाऊ नये म्हणून ती उठायची, पण माझी ओळ कुठे थांबली होती हे तिला परत आल्यावर माहीत असायचं. आणि आपण "हं" म्हणतो तेव्हा त्यात एक न बोललेलं वाक्य असतं : तू जे सांगतेयस ते फारसं काही नाही. मूल ते वाक्य ऐकतं.

उलट बाजूनं, संपूर्ण एकाग्रता तरी नेहमी सात्त्विक असते का? इथे मला गोरोबाकाकांची कथा टाळता येत नाही.

तेरचे गोरा कुंभार. कथा तुम्हाला माहीत आहे. अंगणात चिखल तुडवतायत, नामात इतके रंगलेत की रांगत आलेलं स्वतःचं मूल पायाखाली आलं तरी कळलं नाही. कीर्तनात ही कथा ऐकताना आपण तल्लीनतेला हात जोडतो. पण गेल्या वर्षी ती आठवली आणि मी वेगळ्याच ठिकाणी थांबलो. गोरोबाकाका घरून काम करत होते. अंगण हेच कारखाना, आणि त्याच अंगणात मूल. आणि कथेत एक बारीक तपशील आहे जो आपण घाईत ओलांडतो : त्यांची बायको पाण्याला जाताना बाळाकडे बघा असं सांगून गेली होती. मूल चुकून तिथे आलेलं नव्हतं, त्यांच्यावर सोपवलेलं होतं.

मी भक्त आहे, समीक्षक नाही. गोरोबाकाकांना दोष द्यायची माझी पायरी नाही, आणि कथा तिथे संपतही नाही. पुढे पंढरीत कीर्तनात त्यांचे गेलेले हात परत येतात, मूल परत रांगत येतं. पण परंपरेनं त्या माउलीचा आक्रोश कथेतून काढून टाकलेला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ती रडते, संतापते, विठ्ठलाला बोल लावते, आणि तिला कुणी अज्ञानी म्हणत नाही. शेकडो वर्षं आपण त्यांची समाधी आणि तिचा टाहो शेजारी शेजारी सांभाळत आलोय. आणि मूल परत द्यावं लागतं, साक्षात पांडुरंगाला. नुसतं 'भक्ती मोठी होती' असं म्हणून गोष्ट मिटवता आली नाही. ही कथा एकाग्रतेची थोरवी सांगते हे खरंच, पण एकाग्रतेची किंमत कुणी मोजली हेही ती लपवत नाही.

ही किंमत आमच्या घरात कोण मोजतंय याचा हिशोब एकदा योगायोगानं दिसला. कालनिर्णयचं पान उलटताना मागे पेन्सिलीनं काढलेल्या रेघा होत्या, दोन रांगांत. बायकोनं एका सकाळी नऊ ते एक मोजलं होतं, लेक कुणाच्या दाराशी किती वेळा गेली. तिच्या रांगेत अकरा रेघा, माझ्या रांगेत दोन. माझ्या खोलीला दार आहे, स्वयंपाकघराला नाही, हे कारण खरं, पण पूर्ण नाही. मुलांना लहानपणीच कळतं कुणाचं काम मोडता येतं. चाळीस मुलांना भागाकार शिकवणारी बाई, आणि एका कोडमधली चूक शोधणारा मी, यांत कुणाचं काम मोडलं तर जास्त नुकसान? हिशोब केला तर उत्तर अवघड नाही.

म्हणून पात्र या शब्दाचा मी माझ्यापुरता एक अर्थ लावलाय. भाष्यकार काय म्हणतात ते तुम्ही जरूर वाचा, हा माझा आहे. पात्र म्हणजे सगळ्यात मोठं माणूस नव्हे, सगळ्यात जवळचंही नव्हे. देश आणि काळ जेव्हा सांगायचं थांबतात, तेव्हा जे या घटकेला माझ्यावर सोपवलेलं आहे ते पात्र. स्टँडअपच्या पंधरा मिनिटांत टीम माझ्यावर सोपवलेली आहे. बायकोच्या वर्गाच्या वेळी लेक आणि आईची दुपारची गोळी माझ्यावर सोपवलेली आहे. दोन्ही एका वेळी आली तर एक आधीच दुसऱ्या कुणावर सोपवावी लागते, मनातल्या मनात नाही, तोंडानं.

आणि सांगितलं म्हणजे सोपवलं गेलं असंही नाही. गोरोबाकाकांच्या घरी सांगितलं गेलंच होतं. नेटवर्कचं काम करणाऱ्यांना टीसीपी आठवेल : पाठवलेलं पोचलं अशी पावती येईपर्यंत पाठवणारा ते पोचलं असं धरत नाही. आमच्याकडे आता बायको दारात येऊन म्हणते, "दहा ते पावणेअकरा, तू." मी मान हलवली तर ती जात नाही. "हो, मी" असे दोन शब्द ऐकल्यावरच जाते. सुरुवातीला मला हे जरा जास्तच वाटलं. त्या वेळी माझी मीटिंग असेल तर मी टीमला सांगतो की मधेच उठावं लागेल, आणि आता टीममधले इतरही सांगतात. कुणाचं आभाळ कोसळलेलं नाही.

सोपवलेपणाचा हा नियम काळालाही वाकवतो, हे बायकोकडूनच शिकलो. तिच्या वर्गातल्या चार मुलांच्या घरी एकच फोन आहे आणि तो वडील सकाळी कामावर घेऊन जातात. ते आठला परत येतात. मग रात्री नऊनंतर आमच्या ओट्यावर तिचा फोन वाजत असतो, मुलं पाठ म्हणून आवाज पाठवतात, ती ऐकते आणि प्रत्येकाला नाव घेऊन उत्तर पाठवते. घड्याळाच्या हिशोबानं ही भलती वेळ आहे. तिच्या शाळेनं हे मागितलेलं नाही, याचे पैसे नाहीत, आणि ती मुलं परत काही देणार नाहीत. विसावा श्लोक मला कुणी उदाहरणासह समजावून सांगायला सांगितला तर मी त्या ओट्याकडे बोट दाखवीन. त्या वेळी भांडी मी घासतो, हे अर्थात दान नाही, वाटणी आहे.

इथले बरेच वाचक अजून मुलंबाळं नसलेले आहेत. पण तुमच्यापैकी कितीतरी जण पुण्या-मुंबईच्या खोल्या सोडून आईवडिलांकडे परत गेलेत, सातारा, लातूर, कुणी चिपळूण. तुमची आई दार न वाजवता हळूच चहा ठेवून जाते ना? तुम्ही हेडफोन न काढता बोटानं 'ठेव' अशी खूण करता. ती कॉलमध्ये व्यत्यय नको म्हणून पाय न वाजवता जाते. ती काय देऊन गेली आणि तिला काय मिळालं, हे आजच्या तीन श्लोकांपैकी कुठे बसतं ते तुमचं तुम्ही बघा. मला ते सांगता येणार नाही, कारण खूण कशी केली ते मी पाहिलेलं नाही. त्याच बोटानं आदरही दाखवता येतो.

एक गोष्ट मात्र माझी सुटलेली नाही. नामाचं काय? सकाळी साडेपाचला पोथी उघडतो तेव्हा माझं अवधान कुणावर सोपवलेलं असतं? कधी कधी तेवढ्यात लेक उठून येते, मांडीवर बसते आणि विचारते की बाबा, कृष्णाच्या शाळेत स्क्रीन होती का. ती ओवी अर्धी राहते. एक मन म्हणतं की हा वेळ देवाचा, दुसरं म्हणतं की विचारणारा तोच. दुसरं उत्तर मला जरा जास्तच सोयीचं वाटतं, म्हणून मी त्यावर अजून भरवसा ठेवत नाही. सध्या पोथीत बोट ठेवून तिला सांदिपनींच्या आश्रमाची गोष्ट सांगतो, आणि मग त्याच ओवीपासून पुढे.

उद्या श्लोक २३.